प्रवासाहून परतलेल्या रुग्णाचा ताप : डासांमुळे होणारे विषाणूजन्य आजार इमर्जन्सीत कसे ओळखायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ताप घेऊन कुणी आलं की आपण आधी विचारतो, "किती दिवस झाले?" त्याच दमात दुसरा प्रश्न यायला हवा, "गेल्या तीन महिन्यांत बाहेर कुठे जाऊन आलात का?" गर्दीच्या पाळीत हा दुसरा प्रश्न राहून जातो आणि मग चाचण्यांचा ढीग पडूनही निदान हाती लागत नाही. ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, सिस्टर आणि रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच होतात.

प्रवासाची माहिती घ्यायची म्हणजे नेमकं काय विचारायचं?

रुग्ण देशाचं नाव सांगतो आणि आपण ते केसपेपरवर लिहून पुढे जातो. देशाच्या नावाने फारसं काही कळत नाही. तारखा लागतात. मी केसपेपरच्या मागच्या बाजूला एक आडवी रेघ ओढतो आणि तिच्यावर तीन खुणा करतो: तिथे पोहोचल्याचा दिवस, तिथून निघाल्याचा दिवस, ताप सुरू झाल्याचा दिवस.

समजा, माणूस ३ तारखेला पोहोचला, १४ तारखेला निघाला आणि १९ तारखेला ताप आला. डास चावला असेल तर तापाच्या आधी कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १६ दिवस. डेंग्यूची लक्षणं बहुधा ४ ते १० दिवसांत दिसतात, चिकुनगुनियाची ३ ते ७, झिकाची ३ ते १४, पीतज्वराची (यलो फीवर) ३ ते ६. म्हणजे यातला एकही आजार अजून यादीतून बाद झालेला नाही. आता ताप १९ ऐवजी ३० तारखेला आला असं धरा. परतून १६ दिवस झाले. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, पीतज्वर हे सगळे जवळपास बाद होतात. मलेरिया, विषमज्वर (टायफॉइड) आणि काविळीचा ए विषाणू मात्र उरतात. एका रेघेवर अर्धी यादी गळाली, आणि रक्ताचा थेंबही काढावा लागला नाही.

तारखांनंतर वाटेतले थांबे विचारा. विमान बदलताना एखाद्या शहरात दोन दिवस राहिलेला माणूस ते आपणहून सांगत नाही. मुक्काम शहरात होता की जंगलाच्या कडेला, कोणत्या लशी कधी घेतल्या, मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घेतल्या का, परतल्यावर त्या पूर्ण केल्या का, हेही विचारा. "मच्छरदाणीत झोपत होतो" हे ऐकून डेंग्यू बाजूला सारू नका. मलेरियाचा अॅनोफिलीस डास रात्री चावतो, पण डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी.

आणखी एक गोष्ट. आपल्या मूळ गावी, नातेवाइकांकडे जाऊन आलेला माणूस त्याला प्रवास म्हणतच नाही. "बाहेर फिरायला गेला होता का?" या प्रश्नाला तो मनापासून "नाही" म्हणतो. गोळ्या, मच्छरदाणी, मलम यातलं काहीच हे लोक बहुधा वापरत नाहीत, कारण ते घरी गेलेले असतात. म्हणून "कुणाकडे राहून आलात का?" असंही विचारा.

शोधायचा आहे विषाणू, मग आधी मलेरियाची तपासणी कशाला?

मलेरिया परजीवीमुळे होतो, विषाणूमुळे नाही. पण फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वात घातक प्रकार दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो आणि त्यावर खात्रीचं औषध आहे. डेंग्यूवर तसं औषध नाही. जे चुकल्यावर सर्वात महाग पडतं आणि वेळेत सापडल्यास बरं होतं, ते आधी शोधायचं. मलेरिया असलेल्या भागातून आलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाची स्लाइड (रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि रॅपिड टेस्ट त्याच पाळीत व्हायला हवी. उद्या सकाळी चालणार नाही.

एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया संपला, असं होत नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीन वेळा तपासल्याशिवाय तो यादीतून काढू नये. रॅपिड टेस्टवरही एकटीवर भिस्त नको. बऱ्याच किट्स एचआरपी२ हे प्रथिन शोधतात, आणि काही भागांतल्या फॅल्सिपेरम परजीवींमध्ये त्याचं जनुकच नसतं. पट्टीवर रेघ उमटत नाही, परजीवी मात्र रक्तात असतो.

प्लेटलेट कमी आहेत म्हणून डेंग्यू, हा तर्क इमर्जन्सीत रोज ऐकू येतो. मलेरियातही प्लेटलेट सर्रास घसरतात. आणि डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी मलेरियाची स्लाइड रद्द करायची नाही. दोन्ही एकाच माणसात सापडू शकतात.

वेळेचा एक उपयोग इथेही होतो. फॅल्सिपेरमची लक्षणं दिसायला डास चावल्यापासून कमीत कमी आठवडाभर लागतो. पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी ताप आला असेल तर तो ताप त्या प्रवासातल्या मलेरियाचा नाही. उलट्या बाजूला फॅल्सिपेरमची बहुतेक लक्षणं महिन्याभरात आणि जवळपास सगळी तीन महिन्यांत दिसतात. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार यकृतात दडून बसतो आणि कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतो.

डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका: नुसतं रुग्णाला तपासून फरक कळतो का?

अंदाज बांधता येतो. खात्री देता येत नाही.

चिकुनगुनियाचा रुग्ण दारातूनच ओळखू येतो, असं जुने डॉक्टर म्हणतात, त्यात तथ्य आहे. तो चालत येतो तेव्हा घोटे वाकवत नाही. पेन हातात दिलं तर बोटं मिटत नाहीत. सही करायला दुसरा हात मदतीला घेतो. ताप एकदम चढतो आणि सांधे, तेही लहान सांधे, दोन्ही बाजूंचे एकदम धरतात. १९५२ साली आजच्या टांझानियात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, तेव्हा तिथल्या माकोंडे भाषेतूनच त्याचं नाव आलं. वेदनेने वाकून जाणं असा त्याचा अर्थ.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखतं, अंग मोडून येतं, सांध्यांपेक्षा स्नायू आणि पाठ जास्त ठणकतात. पांढऱ्या पेशी लवकर घसरतात, त्यामागून प्लेटलेट. यकृताच्या चाचण्यांमध्ये एएसटी बहुधा एएलटीपेक्षा वर असतो. आजार उतरताना अंगभर लाली आणि मध्येमध्ये निरोगी त्वचेची पांढरी बेटं दिसली तर ती चांगली खूण मानावी. चिकुनगुनियात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) खूप कमी होतात, पण प्लेटलेट एक लाखाच्या फार खाली सहसा जात नाहीत. झिकाचा ताप सौम्य असतो, कधी नसतोही. खाजणारं पुरळ आणि पू न येता लाल झालेले डोळे ही त्याची नेहमीची जोडी. पण संसर्ग झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच होत नाही, त्यामुळे झिकाचे बहुतेक रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

डेंग्यूसाठीची टुर्निके चाचणी आता फार कुणी करत नाही. रक्तदाबाचा पट्टा वरच्या आणि खालच्या दाबाच्या मध्यावर फुगवून ५ मिनिटं ठेवायचा आणि अडीच सेंटिमीटरच्या चौकोनात उठलेले लाल ठिपके मोजायचे. १० किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. निदान यावर ठरवू नका, पण प्रयोगशाळा बंद असेल तेव्हा एवढीही माहिती उपयोगी पडते.

तिन्ही विषाणू एकच डास वाहून नेतो आणि तिघांची साथ एकाच शहरात एकाच वेळी असू शकते. म्हणून एकच चाचणी मागवून थांबू नये.

आजाराच्या कितव्या दिवशी कोणती चाचणी मागवायची?

दिवस मोजायचा तो तापाच्या पहिल्या दिवसापासून, दवाखान्यात आल्याच्या दिवसापासून नव्हे. हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

डेंग्यूचा विषाणू रक्तात साधारण पहिला आठवडा असतो. त्या काळात एनएस१ अँटिजेन (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) आणि आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) उपयोगी. आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीरात आधी तयार होणारी अँटिबॉडी, चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी मागवलेलं आयजीएम निगेटिव्ह येणारच, आणि त्या कागदावर विसंबून रुग्णाला "डेंग्यू नाही" सांगणं ही मी पाहिलेली सर्वात नेहमीची चूक आहे. आठव्या-नवव्या दिवशी एकटं एनएस१ मागवणं ही तिची जुळी बहीण. मधल्या दिवसांत दोन्ही एकत्र मागवा.

दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत आणखी एक गुंता असतो. विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो आणि दुसऱ्या वेळी तो गंभीर होण्याचा धोका जास्त. नेमकं याच रुग्णांत एनएस१ निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते, आयजीएम कमी चढतं आणि आयजीजी (जुन्या संसर्गाची आठवण ठेवणारी अँटिबॉडी) पहिल्या काही दिवसांतच उसळतं. ज्याला सर्वात जास्त धोका, त्याचीच चाचणी आपल्याला फसवते. चिन्हं डेंग्यूची असतील तर निगेटिव्ह एनएस१ बाजूला ठेवून डेंग्यू समजूनच लक्ष ठेवावं.

चिकुनगुनियासाठी पहिल्या आठवड्यात पीसीआर, त्यानंतर आयजीएम. झिकाचा विषाणू रक्तातून लवकर जातो, लघवीत मात्र जास्त दिवस सापडतो. म्हणून रक्ताबरोबर लघवीचाही नमुना घ्या. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत लघवीवरचा पीसीआर उपयोगी ठरू शकतो.

एक कळकळीची विनंती: चाचणीच्या फॉर्मवर "ताप" एवढंच लिहू नका. तापाचा कितवा दिवस, कोणत्या देशातून, कधी परत, कोणती लस. प्रयोगशाळेतल्या माणसाला तुमचा रुग्ण दिसत नाही, त्याला फक्त तो फॉर्म दिसतो.

आयजीएम पॉझिटिव्ह आलं, म्हणजे नक्की ना?

नाही. डेंग्यू, झिका, पीतज्वर, वेस्ट नाईल, जपानी मेंदूज्वर हे सगळे फ्लॅव्हिव्हायरस कुळातले. एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्याच्या चाचणीत चिकटते. प्रवासाआधी घेतलेली पीतज्वराची किंवा जपानी मेंदूज्वराची लसही असा गोंधळ घालू शकते. शिवाय डेंग्यूचं आयजीएम दोन-तीन महिने टिकतं, त्यामुळे आजचा ताप दुसऱ्याच कशाचा आणि आयजीएम मागच्या डेंग्यूचं, असंही होतं. फरक करायचा तर अँटिबॉडी नेमक्या कोणत्या विषाणूला रोखते हे पाहणारी न्यूट्रलायझेशन चाचणी लागते. ती मोजक्या प्रयोगशाळांत होते आणि अहवाल यायला वेळ लागतो. चिकुनगुनिया वेगळ्या कुळातला, अल्फाव्हायरस. त्याची गल्लत डेंग्यूशी होत नाही, पण मायारो, रॉस रिव्हर अशा त्याच्या भाऊबंदांशी होते.

डेंग्यूचा ताप उतरलाय, रुग्ण घरी सोडा म्हणतोय. सोडू का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एक तरुण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रवासाहून आलेला, तापाचा पाचवा दिवस. सकाळपासून ताप नव्हता. बॅग मांडीवर घेऊन बसला होता, कागद तयार करा म्हणत होता. त्याचा हात हातात घेतला तर थंडगार आणि ओलसर. नाडी ११८. रक्तदाब १०४/८६, आणि तक्त्यावर शेरा होता "नॉर्मल". वरचा आकडा नॉर्मलच होता. पण दोन आकड्यांतलं अंतर १८ उरलं होतं. दोन दिवसांपूर्वी हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ४१ होतं, त्या सकाळी ५०. पाचव्या हिश्श्याहून जास्तीने रक्त घट्ट झालं होतं, कारण त्यातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत होतं. बॅग खाली ठेवायला लावली, सलाईन सुरू केलं. दोन दिवसांनी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, धोक्याचा टप्पा सुरू होतो आणि २४ ते ४८ तास राहतो. इतर तापांत दिलासा देणारी गोष्ट इथे घंटा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या वर्गीकरणात ज्या धोक्याच्या खुणा सांगितल्या त्या अशा: पोटात दुखणं किंवा पोट दाबल्यावर दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, छातीत किंवा पोटात पाणी, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, २ सेंटिमीटरहून जास्त वाढलेलं यकृत, आणि प्लेटलेट भराभर घसरत असताना हिमॅटोक्रिट चढणं. यातली एक दिसली तरी रुग्ण दाखल करायचा.

वरच्या आणि खालच्या दाबातलं अंतर २० किंवा कमी म्हणजे शॉक, शरीराला पुरेसं रक्त पोहोचत नसल्याची अवस्था. तरुण माणसाचा वरचा दाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून यंत्राकडे पाहण्याआधी हात धरा, नख दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परततो का पाहा, लघवी शेवटची कधी झाली ते विचारा.

प्लेटलेट किती खाली आल्या की भरायच्या?

नातेवाइकांचा सर्वात मोठा धसका हाच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण रक्तस्राव नसताना केवळ आकडा खाली आला म्हणून प्लेटलेट दिल्याने फायदा होत नाही. जीव धोक्यात येतो तो मुख्यतः पाणी झिरपून झालेल्या शॉकने. हिमॅटोक्रिटचा चढ, नाडी, लघवीचं प्रमाण यांवर नजर ठेवा. रिकव्हरी सुरू झाली की प्लेटलेट आपोआप चढतात.

तापाला आणि दुखण्याला काय द्यायचं?

पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिकुनगुनियाच्या सांध्यांना ही औषधं आराम देतात हे खरं, पण पहिल्या दिवसांत तो डेंग्यू नाही हे कुठे ठाऊक असतं? स्नायूत इंजेक्शनही टाळा.

रुग्ण गुंगीत आहे, झटके आलेत. हा विषाणूच का?

असू शकतो, पण त्याआधी दोन गोष्टी: रक्तातली साखर आणि मलेरियाची स्लाइड. मेंदूचा मलेरिया आणि जिवाणूंमुळे होणारा मेंदूज्वर हे दोन्ही आपली वाट पाहत थांबत नाहीत. मणक्यातलं पाणी काढायला उशीर होणार असेल तर अँटिबायोटिक आधी सुरू करा.

जपानी मेंदूज्वरात संसर्ग झालेल्यांपैकी फार थोडे आजारी पडतात, पण ज्यांच्या मेंदूवर सूज येते त्यांच्यातले ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. वेस्ट नाईलमध्ये मज्जासंस्थेपर्यंत आजार पोहोचतो तो साधारण दीडशेतल्या एकाच्या बाबतीत, मुख्यतः वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत. कधी एकच हात किंवा पाय पोलिओसारखा लुळा पडतो, आणि तो पक्षाघात समजला जातो. ताप आणि प्रवास विचारला नाही तर गल्लत नक्की. दोन्हींत पीसीआरपेक्षा मणक्यातल्या पाण्यातलं आयजीएम जास्त कामाचं, कारण मेंदूची लक्षणं दिसेपर्यंत विषाणू रक्तातून गेलेला असतो.

ताप आणि डोळे पिवळे. पीतज्वर कधी मनात आणायचा?

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या पट्ट्यातून येऊन आठवडा व्हायचा असेल आणि लस घेतलेली नसेल तर. तीन-चार दिवस ताप, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्यानंतर काहींना काविळीसह दुसरी लाट येते. ताप चढत असताना नाडी त्या मानाने मंद राहणं ही जुनी खूण आहे, पण ती विषमज्वरातही दिसते. वेळेवर घेतलेली लस असेल तर हे निदान फारच कमी संभवतं. यकृताचा तुकडा तपासायला काढू नका, रक्तस्राव थांबत नाही.

अशा रुग्णात आणखी एक प्रश्न वेगळा विचारायचा. गेल्या २१ दिवसांत इबोला, लासा यांसारख्या रक्तस्रावी तापाच्या भागात होता का? उत्तर "हो" असेल तर आधी रुग्णाला वेगळ्या खोलीत न्या, वरिष्ठांना कळवा, आणि रक्त त्यानंतर काढा.

गर्भवती असेल तर?

लवकर दाखल करण्याकडे कल ठेवा. मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही तिला जास्त जड जातात, आणि गरोदरपणात हिमॅटोक्रिट मुळातच कमी असल्याने त्याचा चढ लपतो. बाळंतपणाच्या आसपास आईला चिकुनगुनिया असेल तर बाळाला होऊ शकतो. झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून तिला लक्षणं नसली तरी प्रवासाची नोंद करून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. झिका लैंगिक संबंधांतूनही पसरतो. प्रवास नवऱ्याने एकट्याने केला असेल तरी प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचतो.

घरातल्यांना लागण होईल का?

शिंकल्या-खोकल्याने नाही. पण पहिल्या आठवड्यात रुग्णाला चावलेला एडिस डास पुढे इतरांना चावू शकतो. २००७ साली इटलीत संसर्ग घेऊन आलेल्या एका प्रवाशापासून चिकुनगुनियाची साथ सुरू झाली आणि दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, कारण एडिस अल्बोपिक्टस डास तिथे आधीच रुजलेला होता. म्हणून एडिस असलेल्या भागात रुग्णाला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, आणि आरोग्य खात्याला कळवणं पुढच्या पाळीवर ढकलू नका.

घरी पाठवायचंच ठरलं तर काय लिहून द्यायचं?

उद्याची वेळ. "त्रास वाढल्यास या" हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ताप उतरल्यानंतरही दोन दिवस. धोक्याच्या खुणा रुग्णाच्या भाषेत आणि मोठ्या अक्षरात. आजच्या हिमॅटोक्रिटचा आकडाही त्याच कागदावर हवा, कारण रात्री दोन वाजता तो दुसऱ्याच इमर्जन्सीत पोहोचला तर तिथल्या डॉक्टरला तुलनेसाठी तोच एक आकडा असेल. एकटा राहणारा, लांबून आलेला, तोंडाने पाणी न टिकणारा रुग्ण घरी पाठवू नये.

सगळ्या चाचण्या निगेटिव्ह, तरी ताप आहेच. आता?

पुन्हा त्या रेघेकडे जा आणि तारखा रुग्णाकडून नव्याने विचारून घ्या. पहिल्या वेळी ग्लानीत त्याने चुकीच्या सांगितलेल्या असू शकतात. कपडे बाजूला करून काखा, जांघा, कमरपट्टा नीट पाहा. बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफस या जिवाणूजन्य तापाची काळी खपली तिथेच दडते, आणि डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो. पुराच्या पाण्यात उतरला होता का विचारा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य ताप) आठवेल. रक्ताचं कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी) पाठवलं होतं का ते पाहा. गोवर, फ्लू, कोविड आणि नुकता झालेला एचआयव्हीचा संसर्ग यांची तपासणी करा. अमेरिका खंडातून आलेला असेल आणि ताप जाऊन पुन्हा आला असेल तर ओरोपुश विषाणू विचारात घ्या. तो मुख्यतः चिलटासारख्या बारीक माशीमुळे पसरतो आणि त्यात ताप उलटणं नेहमीचं आहे. आणि मलेरियाची तिसरी स्लाइड झाली नसेल तर ती आत्ता काढा.